लॉनमधल्या लाल मुंग्या लेकीला चावल्या. काय करावं?

जुईचा_मांडव | ४ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. तळेगावला आमचं रो-हाउस आहे, पुढे साधारण ६०० चौरस फुटांचं लॉन. दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून 'सिलेक्शन' जातीचं रेडिमेड लॉन आणून लावलं. पहिलं वर्ष छान गेलं. यंदा मार्चपासून जागोजागी बारीक मातीचे ढीग दिसायला लागले. केराच्या झाडूनं सारखे करावेत, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

परवा संध्याकाळी माझी तीन वर्षांची लेक अनवाणी खेळत होती. एका ढिगावर तिचा पाय पडला आणि मिनिटभरात घोट्यापर्यंत लाल मुंग्या. मी पाण्याखाली पाय धरला, हातानं मुंग्या काढल्या, तरी चौदा ठिकाणी चावल्या होत्या. रात्रभर रडली. सकाळी दोन-तीन जागी फोड आले होते.

माळीदादा म्हणतात, "ताई, दाणेदार औषध टाकू, आठ दिवसांत एक मुंगी दिसणार नाही." पुडीवर फोरेट असं नाव आहे. नवरा म्हणतो पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवू. सासूबाई गेली चाळीस वर्षं रोज सकाळी मुंग्यांना चिमूटभर साखर घालतात, त्यांना औषधाचं नावही नको आहे. मला तिघांचंही पटतंय आणि तिघांचंही पटत नाहीये. ज्यांनी हे निस्तरलं आहे त्यांनी कृपया सांगा.

बागकाम_७२ | ४ मे, रात्री १०:५०

आधी एकच गोष्ट. ती पुडी उघडू नका.

फोरेटच्या वापरावर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. अतिशय जहाल विष आहे ते, कातडीतूनही अंगात जातं. दाणे टिपणारे पक्षी मरतात. तीन वर्षांचं लेकरू ज्या गवतावर लोळतं तिथे ते कोणत्याही कारणानं जाता कामा नये. पुडी माळ्याला परत द्या आणि बंदीचंही सांगा. त्यालाही कोणी सांगितलेलं नसतं, आणि हातमोजे न घालता तोच ते टाकत असतो.

माझ्या तरुणपणी घरोघरी गॅमेक्सिन पावडर असायची. ओट्याखाली, उंबऱ्यावर, धान्याच्या कोठीभोवती सर्रास टाकायचो. मी स्वतः उघड्या हातांनी टाकली आहे, पोरं आजूबाजूला रांगत असताना. त्या पावडरीवर, म्हणजे बीएचसीवर, १ एप्रिल १९९७ पासून बंदी आली. तेव्हा कळलं की आपण काय करत होतो. त्यामुळे 'सगळेच टाकतात' या वाक्यावर माझा आता विश्वास नाही.

बाळांची_डॉक्टर | ४ मे, रात्री ११:२०

बाळाला आता कसं आहे? फोड फोडू नका. साबण-पाण्यानं धुवा आणि फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटं धरा. नखं कापून ठेवा, खाजवून जखम चिघळते.

चुना, खायचा सोडा, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. मुंगीचं विष म्हणजे आम्ल आणि त्यावर सोडा, हे गणित सगळ्या मुंग्यांना लागू पडत नाही. या लाल डंखी मुंग्यांच्या विषात मुख्यतः अल्कलॉइड असतात, सोड्यानं त्यांचं काही होत नाही.

आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: चावल्यानंतर श्वास घ्यायला त्रास, ओठ किंवा चेहरा सुजणं, अंगभर गांधी उठणं, उलट्या, चक्कर, यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. असं क्वचित होतं, पण झालं तर वेळ फार कमी असतो.

जुईचा_मांडव | ५ मे, सकाळी ७:३०

डॉक्टर, मनापासून आभार. आता बरी आहे, फक्त खाज आहे. काका, पुडी परत दिली. माळीदादांना बंदीचं खरंच माहीत नव्हतं.

रानवारा | ५ मे, दुपारी १:०५

औषधाचं नंतर बघू. तुमच्या लॉनमध्ये मुंगी कोणती आहे, आधी ते पाहू या. एकाच लॉनमध्ये तीन-चार जातींच्या मुंग्या सहज असतात आणि त्यातली त्रास देणारी बहुधा एकच असते.

मोठे काळे मुंगळे असतील तर त्यांना नांगीच नाही. जबड्यानं चावतात आणि आम्ल फवारतात, तेही डिवचलं तरच. बारीक काळ्या, सैरावैरा पळणाऱ्या मुंग्या माणसाला काहीच करत नाहीत. बियांचा भुसा भोकाभोवती रचून ठेवणाऱ्या तपकिरी मुंग्या असतात, त्या आपल्या कामात असतात.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ही सोलेनॉप्सिस जेमिनाटा वाटते, लाल डंखी मुंगी. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली, पण आता आपल्याकडे सगळीकडे पसरली आहे. ओळख अशी: एकाच वारुळात लहान-मोठ्या सगळ्या मापांच्या मुंग्या, आणि त्यात काही मोठ्या, चौकोनी डोक्याच्या. ती डोकी बी फोडायला लागतात. ढिगाला काडी लावली की शेकड्यांनी वर येतात. जबड्यानं कातडी पकडतात आणि मागच्या नांगीनं पुन्हा पुन्हा डंख मारतात, म्हणून एका मुंगीचे तीन-तीन डंख दिसतात.

उघडी, उन्हाची, विरळ गवताची जागा त्यांना आवडते. उन्हाळ्यात बाकीची जमीन दगडासारखी झालेली असताना तुमच्या लॉनची माती मऊ आणि ओलसर असते. त्यांनी तरी दुसरीकडे कुठे जावं?

एक साधी चाचणी करा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर प्रत्येक ढिगापासून हातभर अंतरावर दोन झाकणं ठेवा, एकात साखरेच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा, दुसऱ्यात शेंगदाण्याचा कूट आणि दोन थेंब तेल. अर्ध्या तासानं बघा आणि इथे लिहा. लेकीला बूट घालूनच सोडा.

परभणीकर | ५ मे, दुपारी २:४०

आमच्याकडे मुंगळ्याला डोंगळा म्हणतात. बाकी रानवारा म्हणतात त्याला +१. माझ्या घरी फवारणी केली होती, आठ दिवस शांतता आणि नवव्या दिवशी चार ठिकाणी नवे ढीग.

माडाखाली | ५ मे, सायंकाळी ६:१५

थोडं अवांतर. आमच्या सावंतवाडीला आंब्यावर पानं शिवून घरटं करणारे लाल ओंबील असतात. चावले की ब्रह्मांड आठवतं, पण झाडावरचे किडे तेच खातात. त्यामुळे आंबे उतरवायच्या वेळी तेवढी फांदी सोडतो, मारत नाही. ओडिशातल्या मयूरभंजमध्ये याच मुंग्यांची चटणी करतात, तिला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं.

जुईचा_मांडव | ६ मे, रात्री ९:००

चाचणी केली. एकूण सात ढीग आहेत.

तीन ढिगांपाशी कुटावर अक्षरशः थर बसला, साखरेकडे मोजक्याच आल्या. या तिन्ही ठिकाणी लहान-मोठ्या लाल मुंग्या, मोठ्या डोक्याच्यासुद्धा आहेत. दोन ठिकाणी बारीक काळ्या, साखरेवर. भिंतीकडच्या कोपऱ्यात तपकिरी मुंग्या, भोकाभोवती भुशाचं कडं. त्यांनी दोन्हीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक ढीग रिकामाच असावा.

म्हणजे सातातले तीनच. हे कळल्यावरच मला निम्मं बरं वाटलं. सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग त्या तिघांचंच काय ते बघ, बाकीच्यांना हात लावू नकोस." तिन्ही ढीग लॉनच्या दक्षिण कडेला आहेत, जिथे पाण्याचा फवारा नीट पोचत नाही आणि गवत विरळ आहे.

रानवारा | ६ मे, रात्री ११:३०

उत्तम निरीक्षण. आता आमिष.

बाहेर दिसणाऱ्या मुंग्या म्हणजे वारुळाचा लहानसा हिस्सा. राणी आणि बाळं खाली असतात. वरून फवारलं की वरच्या मरतात, खालच्या जागा बदलतात. परभणीकरांच्या घरी तेच झालं असावं. म्हणून विष मुंगीनंच खाली न्यायला हवं, आणि ते नेईपर्यंत ती जिवंत राहायला हवी. सगळी मेख या दुसऱ्या गोष्टीत आहे.

या मुंग्यांचं एक विशेष आहे. पूर्ण वाढलेल्या मुंगीला घट्ट अन्न गिळता येत नाही, ती फक्त पातळ पदार्थ पिते. घट्ट कण ती खाली नेऊन मोठ्या अळ्यांच्या तोंडाशी ठेवते, अळ्या ते पचवतात आणि तो रस परत कामकऱ्यांना व राणीला मिळतो. अळ्या म्हणजे वारुळाचं पोटच. म्हणून कूट चालतो.

कृती: शेंगदाण्याचा बारीक कूट ५० ग्रॅम, चमचाभर तेल, किंचित गूळ आणि बोरिक अॅसिड १ ग्रॅम. काट्यावर मोजून घ्या, चमच्याच्या अंदाजानं नको. बोरिक औषधांच्या दुकानातून घ्या. पूर्वी कॅरमच्या बोर्डावर टाकायचो ती हीच, पण आता कॅरम पावडर म्हणून मिळणारी प्रत्येक पावडर बोरिक असेलच असं नाही.

साखरेवर येणाऱ्या मुंग्या घरात शिरत असतील तर १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक. तुमच्या बारीक काळ्या बाहेरच आहेत, त्यांना राहू द्या.

आमिष उघड्यावर ठेवायचं नाही. नारळाच्या करवंटीच्या कडेला बोटाएवढी खाच पाडा, झाकणावर पालथी घाला, वर वीट ठेवा. मुंगी जाईल, मांजर-चिमण्या जाणार नाहीत. लेकीला त्या बाजूला अजिबात जाऊ देऊ नका. बोरिक लहान मुलांच्या पोटात जाणं धोक्याचं आहे. आणि पावडर गवतावर भुरभुरू नका, बोरॉन जास्त झालं की गवत करपतं.

ह्यूस्टनकर | ७ मे, सकाळी ६:२०

इकडे टेक्ससमध्ये हिचीच चुलत बहीण आहे, सोलेनॉप्सिस इन्विक्टा. दक्षिण अमेरिकेतून १९३० च्या दशकात अलाबामातल्या मोबील बंदरात जहाजांतून आली आणि सगळा दक्षिण भाग व्यापला. आमच्या गल्लीत एकही अंगण सुटलेलं नाही, पहिल्या वर्षी मी रडकुंडीला आलो होतो.

इथल्या टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचे लोक दोन पायऱ्या सांगतात: आधी आमिष सगळीकडे, मग जे वारूळ त्रास देतं त्यावर वेगळा उपाय. माझ्या अनुभवातल्या तीन गोष्टी. आमिष ताजं हवं, तेल खवट झालं की मुंग्या शिवत नाहीत. ओल्या गवतावर किंवा पाऊस येणार असेल तर ठेवू नये. आणि आमिष ठेवण्याआधी ढीग डिवचू नये, नाहीतर त्या अन्न गोळा करायचं सोडून बिऱ्हाड हलवायला लागतात.

उकळतं पाणीही चालतं, पण एका ढिगाला दहा-अकरा लिटर लागतं आणि इथल्या अनुभवानुसार दहातली सहाएक वारुळंच त्यानं संपतात. थंड सकाळी ऊन आल्यावर ओता, तेव्हा राणी आणि बाळं उबेसाठी वर आलेली असतात.

हिरवळ | ७ मे, सकाळी ११:००

रवा टाकला की तो पोटात फुगून मुंग्या मरतात असं ऐकलंय. ते कोणी केलंय का? आणि तो मुंग्या मारायचा खडू?

बागकाम_७२ | ७ मे, दुपारी १२:१०

रव्यानं मुंग्या मरत नाहीत. वर रानवारांनी लिहिलंच आहे, पूर्ण वाढलेली मुंगी घट्ट कण गिळतच नाही, तर तो फुगणार कुठे? हळद, दालचिनी, हिंग यांनी मुंग्या थोडा वेळ वाट बदलतात एवढंच. घरातल्या रांगेला ठीक, लॉनला उपयोग नाही.

खडूत पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. तो पाटीवरच्या खडूसारखा दिसतो, हीच माझी मोठी तक्रार आहे. लहान मूल असलेल्या घरात ठेवू नका.

जुई, तुमच्या मुंग्या दक्षिण कडेलाच का, याचं उत्तर तुम्हीच दिलंय. ती कडा सुधारा. रोज शिंतोडे मारण्याऐवजी दोन-तीन दिवसांआड पण वीतभर खोल जाईल असं पाणी द्या. गवत अगदी मुळापर्यंत कापत असाल तर ते थांबवा, बोट-दीड बोट उंची राहू द्या. पावसाळ्याच्या तोंडाला चाळलेलं शेणखत आणि माती पसरा, गवत दाट होईल. दाट सावलीच्या गवतात ही मुंगी सहसा घर करत नाही.

जुईचा_मांडव | १७ मे, रात्री ८:४५

कबूल करते, माझ्याकडून चूक झाली. काटा बंद पडला होता म्हणून दोन चमचे बोरिक अंदाजानं टाकलं. पहिल्या संध्याकाळी मुंग्या भरपूर आल्या, दुसऱ्या दिवशी करवंटीखाली मेलेल्या पडलेल्या आणि तिसऱ्या दिवसापासून कोणी फिरकलं नाही. ढीग तसेच. वाईट वाटलं, कारण ज्या मेल्या त्या उगाच मेल्या.

काल नवा काटा आणला. आज पुन्हा मोजून ठेवलंय.

रानवारा | १७ मे, रात्री ९:२०

बहुतेकांचं पहिल्यांदा असंच होतं. जास्त बोरिक म्हणजे जास्त परिणाम असं वाटतं, पण मुंगी वाटेतच मेली तर राणीपर्यंत काही पोचत नाही. आता दर दोन दिवसांनी कूट बदला. दोन-तीन आठवडे धीर धरा.

शेवंती | १९ मे, दुपारी ३:३०

माझ्या जास्वंदीवर मुंग्यांची रांग आहे. हाच उपाय चालेल का?

बागकाम_७२ | १९ मे, सायंकाळी ५:००

आधी पानांच्या मागे आणि कळ्यांच्या देठाशी बघा. पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर पिठ्या ढेकूण. तो गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्यासाठी येतात आणि त्याचं राखणही करतात. मुंग्या मारून उपयोग नाही. चिकटलेलं पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण कालवून संध्याकाळी फवारा. दर आठवड्याला, तीन वेळा.

जुईचा_मांडव | १३ जून, सकाळी १०:३०

सविस्तर लिहायचं राहिलं होतं.

२४ मेच्या वळवाच्या पावसात सगळं आमिष भिजलं, पुन्हा ठेवलं. २ जूनपर्यंत पहिला ढीग थंड पडला. काडी लावली तरी कोणी वर आलं नाही. दुसऱ्यावर पाच-पन्नास मुंग्या उरल्या होत्या. तिसरा मात्र तसाच जोरात.

५ तारखेला रात्री पाऊस झाला, सकाळी ऊन पडलं. ह्यूस्टनकर दादांचं आठवलं. दोन मोठी पातेली पाणी उकळलं, लेकीला आजीबरोबर आत ठेवलं, नवऱ्यानं बूट आणि जाड पँट घालून दुसऱ्या व तिसऱ्या ढिगावर हळूहळू ओतलं. दुसरा संपला. तिसऱ्यातल्या उरलेल्या चार दिवसांत नळाजवळ, तीनेक फुटांवर नवा ढीग करून बसल्या. तिथे पुन्हा करवंटी ठेवली आहे. काल संध्याकाळी पाहिलं तर ये-जा फारच कमी आहे.

ज्या जागी उकळतं पाणी पडलं तिथे परातीएवढं गवत जळलं. दक्षिण कडेला शेणखत-माती पसरली, फवाऱ्याची जागा बदलली. पेस्ट कंट्रोलला बोलावलं नाही.

बागकाम_७२ | १३ जून, दुपारी १२:००

जळलेल्या जागेची काळजी करू नका. सिलेक्शन म्हणजे शेवटी हरळीच, कडेचे धुमारे महिन्याभरात ती जागा भरतील. आता एक मोठा पाऊस झाला की पंखवाल्या मुंग्या उडतील. त्यातल्या नव्या राण्या पंख गाळून मोकळी माती शोधतात. त्या वेळी गवत दाट असलं की तुमचं काम हलकं होईल. ऑक्टोबरात पुन्हा एकदा कुटाची चाचणी करा.

ह्यूस्टनकर | १४ जून, सकाळी ७:००

तीनातली दोन वारुळं महिन्यात म्हणजे खरंच चांगलं झालं. इथे मला दोन वर्षं लागली. नळाजवळची करवंटी पावसात आडोशाला ठेवा.

जुईचा_मांडव | २९ जून, दुपारी १२:४०

नळाजवळचं वारूळ शांत आहे. आठ दिवस झाले, कुटावर कोणी येत नाही. लेक पुन्हा गवतावर आहे, तूर्त चपला घालून.

पण आज लिहायचं कारण वेगळं. चार दिवसांच्या पावसानंतर आज सकाळी ऊन पडलं. सासूबाईंनी हाक मारली. भिंतीजवळच्या त्या तपकिरी मुंग्या, ज्यांनी कुटाकडे बघितलंही नव्हतं, त्या भोकातून एकेक बी बाहेर आणून ठेवत होत्या. गवताचं बारीक बी. तासाभरात ओंजळभर ढीग झाला, नीट पसरलेला. त्या हे का करतात? घर बुडालंय का त्यांचं?

रानवारा | २९ जून, दुपारी २:१०

बुडालेलं नाही. बी वाळवतायत! ओलं बी कोठीत राहिलं तर कोंब फुटतील किंवा बुरशी लागेल, म्हणून ऊन पडताच बाहेर काढतात आणि संध्याकाळपर्यंत परत आत नेतात.

आणि तुम्ही हे पुणे जिल्ह्यात बघितलंत याचा मला फार आनंद झालाय. १८२९ साली लेफ्टनंट कर्नल साइक्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं पुण्यातच नेमकं हेच पाहिलं होतं. मुंग्यांनी गवताचं बी साठवलेलं आणि पावसानंतर ते उन्हात वाळत घातलेलं. त्या मुंगीचं नाव त्यानं ठेवलं 'प्रोव्हिडेन्स', म्हणजे पुढचं बघून तरतूद करणारी. तुमची जात तीच आहे का ते फोटो पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण काम तेच आहे. जवळून फोटो काढता आला तर नक्की टाका. पावलाची सावली पडू देऊ नका, लगेच आत जातात.

परभणीकर | २९ जून, दुपारी ४:००

आमच्या आजीचं वाळवण आठवलं. ढग आले की अशीच धावपळ.

जुईचा_मांडव | २९ जून, रात्री ९:३०

साडेपाचला ढग आले तेव्हा निम्मं बी बाहेरच होतं. सासूबाई छत्री घेऊन निघाल्या होत्या, तोवर मुंग्यांनीच बरंचसं आत नेलं. फोटो दोन काढलेत, उद्या टाकते. माळीदादांना सांगितलंय, त्या कोपऱ्यात गवत कापायचं मशीन फिरवायचं नाही, कडेनं हातानंच कापायचं. त्यांनी तिथे चार विटा उभ्या लावून ठेवल्यात.